मिठात ठेवलेला आकडा

आमचं घर रेवस आणि किहीमच्या मधल्या एका गावात आहे. पाठीशी खाडी, पुढे नारळांची रांग आणि त्यापलीकडे समुद्र. मे संपला की हे घर हळूहळू पाण्याखाली जायला लागतं. पाणी दिसत नाही, एवढंच. दिसलं असतं तर मी तुम्हाला माळ्याचा जिना उतरणारे मासे दाखवले असते, आईच्या मच्छरदाणीत शिरलेलं एखादं बोईट दाखवलं असतं. नुसत्या डोळ्यांना काय दिसतं? दारं फुगून चौकटीशी भांडतात. आगपेटीची काडी ओढली तर जाळाऐवजी लाल चिखल निघतो. आधी चिवडा सादळतो, मग पापड सादळतो, आणि ऑगस्टपर्यंत माणूससुद्धा सादळतं. वाकवलं तरी कटकन मोडत नाही. सकाळी उठावं तर उशी खारट. रात्री कोण येऊन तिच्यावर रडून गेलं, पत्ता लागत नाही.

मला हे सगळं मनापासून आवडतं. पहाटे अर्धवट झोपेत असताना खाडीची भरती कुठे संपते आणि आमची भिंत कुठे सुरू होते, ते कळत नाही. चादर अंगाला शेवाळासारखी चिकटते. मी पडून राहते आणि मला वाटतं, आपण दोघी, मी आणि आई, एका मोठ्या संथ माशाच्या पोटात आहोत आणि तो आपल्याला घेऊन कुठेतरी चालला आहे.

लग्न मी केलं नाही. गावातल्या जयंतीच्या नाटकांत मी सावकार केला, फौजदार केला, एकदा तर वादळही केलं, पडद्यामागे पत्रा हलवून. नायिकेची भूमिका काही मिळाली नाही, आणि नंतर नंतर मलाच ती पडेल वाटायला लागली. पोटापाण्यासाठी न्हावा शेव्याला माल पाठवणाऱ्या एका कचेरीत जाते. रेवसहून लाँचने करंजा, तिथून रिक्षा. पावसाळ्यातल्या धुक्यात लाँच निघाली की दोन्ही किनारे पुसले जातात. मध्ये फक्त इंजिनाची धडधड, आणि पाटीतल्या मासळीवर डोकं टेकून झोपलेली एखादी बाई.

त्या कचेरीत मी एक नवल शिकले. बंद कंटेनरमध्येसुद्धा पाऊस पडतो. दिवसा पत्रा तापतो, आतल्या मालातली ओल हवेत चढते. रात्री पत्रा गार होतो आणि ती ओल छताला थेंबांनी लटकते. मग टपटप मालावर. कुठे आभाळ नाही, ढग नाही, आणि समुद्राच्या मधोमध एका कुलूपबंद पेटीत कांद्यावर पाऊस पडतो आहे! मी हे पाहुण्यांना हातवारे करून सांगते तेव्हा ते वर आमच्या स्लॅबकडे बघायला लागतात. बघावंच.

कारण आमच्या आईच्या खोलीत नेमकं तेच चाललं होतं. तिच्या खोलीची एक भिंत खाडीकडे आहे आणि त्या भिंतीला तिचं लोखंडी कपाट अनेक वर्षं टेकून उभं होतं. गेल्या वर्षी आम्ही ते ओढून बाजूला केलं, तर मागे काळ्या-हिरव्या बुरशीचा अख्खा नकाशा. बेटं, खाड्या, एक लांबलचक किनारा. मी तर बघतच राहिले. आई नाकाला पदर लावून म्हणाली, "बघतेस काय गो? हे मुरूड, हा जंजिरा, आसा करतेस काय?"

तेव्हा तिचा खोकला जुना झाला होता. अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी तिची छाती ऐकली, घराची चौकशी केली आणि सांगितलं, "आजी, भिंतीवरचं ते तुमच्या श्वासात जातंय. पावसाळाभर कोरड्या हवेत राहा. कोणी आहे का घाटावर?"

घाटावर माझा धाकटा भाऊ आहे, पुण्याला. त्याची खोली तयार, पलंग तयार, खिडकीतून डोंगरसुद्धा दिसतो. पण आईचा पाय निघेना, आणि त्याला कारण होतं. आम्ही बौद्ध. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. त्या तीन महिन्यांत भिक्खूंनी फिरायचं नाही, एका जागी थांबायचं. आमच्या गावात त्या दिवसांत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होतं आणि वाचते आमची आई. शाळा तिची चौथीपर्यंत. पण आवाज असा की मागच्या रांगेतल्या पेंगणाऱ्या बाईलासुद्धा वाटावं, हे फक्त आपल्याला सांगितलं जातंय. गेल्या वर्षी खोकल्यापायी शेवटचे काही दिवस दुसऱ्या बाईने भरभर वाचून संपवलं. आई तिला अजून 'ती गाडी पकडायला निघालेली' म्हणते.

"वर्षावासात भिक्खूबी जागा सोडत न्हाईत," आईने भावाला फोनवर बजावलं, "आनि तू मला घाटावर बोलावतोस व्हय?"

"आई, तू भिक्खू नाहीस."

"मंग तू डाक्टर हायस?"

शेवटी तह झाला. भाऊ घरांत यंत्रं जोडून देणाऱ्या एका कंपनीत आहे. दिवे, पंखे, कुलपं, सगळं फोनवर. तो म्हणाला, "मी तुमच्या घरातली ओलच ताब्यात घेतो. आईच्या खोलीतला आकडा साठच्या खाली राहिला आणि खोकला थांबला, तर आईने तिथेच राहायचं. नाही जमलं तर आषाढी पौर्णिमेच्या आत मी गाडी घेऊन येणार. मग कुरकुर नाही."

आईने "बरं" म्हटलं. आमच्या आईचं "बरं" फार खोल असतं. त्यात काय काय बुडालेलं आहे, ते वरून दिसत नाही.

मे महिन्यात भाऊ येऊन सगळं लावून गेला. आधी भिंत खरवडली, औषध मारलं, रंग दिला, कपाट भिंतीपासून हातभर लांब ठेवलं. मग प्रत्येक खोलीत एकेक पांढरा चौकोनी सेन्सर ठेवला, दोन बोटांएवढा. हवेत किती ओल आहे, ते तो टक्क्यांत सांगतो. आकडा साठच्या वर गेला की आईच्या खोलीतलं ओल खेचणारं यंत्र आपोआप सुरू. मोरीतला पंखा आंघोळीनंतर आपोआप फिरतो आणि काम झालं की थांबतो. बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तर घर फोनवर कळवतं, खिडकी उघडा. आणि हे सगळे आकडे इथे मला दिसतात तसे तिथे पुण्याला त्यालाही दिसतात.

त्या यंत्राला डीह्युमिडिफायर म्हणतात. आईने ते नाव एकदा तोंडात घोळवून पाहिलं आणि परत टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटातली टाकी तिने भरलेली पाहिली. नितळ पाणी, कोणी ओतलं नाही, कुठल्या नळाचं नाही.

"ह्ये कुठलं?"

"तुझ्या खोलीतल्या हवेतलं."

ती बराच वेळ टाकीकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हंजे मी रातभर ह्याच्यात झोपलेले?"

तेव्हापासून त्याचं नाव पाणक्या. पाणक्या वाऱ्यातून पाणी भरायचा आणि आई ते मोगऱ्याला घालायची. संध्याकाळी मोगरा फुलला की मला उगाच वाटायचं, आपल्याच घरातला काल रात्रीचा श्वास आता पांढरा होऊन अंगणात उमलला आहे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "खत पन घातलंय."

आता माझी करामत सांगते. भावाने घरात एक बोलणारा स्पीकर बसवला होता. आकडा वाढला की तो कुठल्याशा गोड, निर्जीव आवाजात कळवायचा. मला ते सहन होईना. एवढं मोठं नाट्य घरात घडतंय आणि सांगणारी बाई अशी की जणू भाजी निवडतेय! मी भावाला फोनवर विचारून विचारून माझ्या आवाजात सूचना भरल्या. आकडा साठ ओलांडला की: "सावधान! खाडीकडच्या दालनात ओल शिरली आहे!" सत्तर ओलांडला की: "प्रजाजनहो, तट ढासळला! पाणक्या, शस्त्र उचल!" आणि आकडा उतरला की तुतारी. तुतारी मी तोंडाने वाजवली होती.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा आई ताक घुसळत होती. तिने रवी सोडली, छातीवर हात ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि ओरडली, "मेले! खोकल्यानं मरत न्हाय म्हनून आशी मारतेस व्हय?"

पण खोकला खरंच उतरला. जून लागला, बाहेर सगळं पाण्याखाली गेलं, आणि आमच्या आत मात्र एक अजब कोरडं बेट तयार झालं. आईच्या खोलीचा उंबरठा ओलांडला की हवा बदलायची. पापड कुरकुरीत. पुठ्ठ्याचं कॅलेंडर ताठ. आईच्या साड्यांना पुन्हा फक्त साड्यांचा वास. शेजारणी यायच्या आणि त्या खोलीत पाय पसरून नुसत्या बसायच्या, जसं उन्हाळ्यात विहिरीच्या काठी बसावं. किहीमच्या बंद बंगल्यांमध्ये झाडलोट करणारी आमची एक शेजारीण म्हणाली, "आमच्या शेठलोकांकडे पन हाय ह्ये यंत्र. पन ते आमच्याशी असं बोलत न्हाय." मी मान लववून तिची दाद स्वीकारली.

आई रोज दुपारी ग्रंथ उघडून थोडं थोडं वाचून बघायची, आवाज कुठवर टिकतो ते पाहायला. मी घरी असले की ओट्याशी उभी राहून ऐकायची. एक पान. दीड पान. एकदा तर तीन पानं, मध्ये कुठेही न अडखळता. पुण्याहून भाऊ कळवायचा, "ताई, छान चाललंय. बावन्न, चोपन्न."

मग आषाढ लागला आणि दिवसच्या दिवस उजाडेना. आकडा चढला. बासष्ट, पासष्ट, एका सकाळी अडुसष्ट. पाणक्या धापा टाकत होता. माझा आवाज घरभर घुमत होता, सावधान, सावधान. मला त्यात मौज वाटत होती. आईला ती वाटत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या कानांत ती हाळी म्हणजे पुण्याहून निघालेली गाडी होती.

एक दिवस कचेरीतून परतले तर आकडा पंच्याहत्तर. मी पाणक्याचं झाकण उघडून पाहिलं, टाकी जवळजवळ रिकामी. दुसऱ्या दिवशी पंच्याहत्तर. ऊन पडलं, खिडक्या उघडल्या, पंच्याहत्तर. खिडक्या लावल्या, पंच्याहत्तर. पाणक्या अखंड चालू, आणि आकडा आपला ध्यान लावून बसलेला. आणि विचित्र म्हणजे आईचा खोकला परतला, पण वेगळा. पूर्वीचा खोकला ओला होता, खोल होता. हा कोरडा, ठसक्यासारखा. ती वाक्याच्या मध्येच थांबायची, ओठ ओले करायची, पाणी मागायची. शेवटी ग्रंथ मिटून उशाला ठेवला आणि पाठ करून झोपली.

"आये, काय होतंय?"

"काय न्हाय. घसा लाकूड झालाय."

घसा लाकूड होणं आणि हवेत पंच्याहत्तर टक्के ओल, या दोन गोष्टी एका घरात नांदू शकत नाहीत. मला कळायला हवं होतं. पण मी त्या आठवड्यात नुसती तरंगत होते. पहाटे लाँच, धुकं, कचेरीत कागद, परत धुकं. आणि तो आकडा मला कुठेतरी भेटलेला वाटत होता, एखाद्या जुन्या नाटकातल्या सहकलाकारासारखा. चेहरा आठवतो, भूमिका आठवत नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला.

"ताई, मी निघालोय. आठवडा झाला, आकडा हलत नाही. आईची बॅग भर."

"अरे, पौर्णिमा उद्या आहे."

"म्हणूनच. उद्या एकदा ती वाचायला बसली की मग तिला कोण उठवणार? तू?"

त्याचं खरं होतं. आई दारात उभी राहून ऐकत होती. आत गेली आणि कपाटातून दोन पांढऱ्या साड्या काढून पलंगावर ठेवल्या. वर्षावासासाठी धुवून, इस्त्री करून ठेवलेल्या. बॅगेत घातल्या नाहीत, परत कपाटातही ठेवल्या नाहीत. त्यांच्याशेजारी बसून राहिली.

मला ते बघवेना. माणसाला काही बघवत नसलं की ते फडकं हातात घेतं. मी ओलं फडकं घेऊन तिची खोली पुसायला लागले. कपाट, खिडकीचा कठडा, फळी. फळीवर सेन्सर होता, त्याच्यावर धूळ बसली होती. मी त्याच्यावरून फडकं फिरवलं.

सेन्सरला फेस आला.

मी थांबले. परत एकदा फिरवलं. आणखी फेस आला, आणि चंदनाचा वास. मी तो सेन्सर हातात घेतला. दोन बोटांएवढी, चौकोनी कापलेली, कडा नीट तासलेली पांढऱ्या साबणाची वडी!

रंगभूमीवर मी कितीतरी गोष्टी पाहिल्या आहेत. पुठ्ठ्याची तलवार, भोपळ्याचं मुंडकं, चहाची दारू. पण अशी नेटकी वस्तू आमच्या मंडळात कधी कोणी बनवली नव्हती. मी वळून पाहिलं. आई माझ्याकडे बघत नव्हती. छताकडे बघत होती, आणि तिच्या गालाला खळी पडू नये म्हणून तिने ओठ घट्ट दाबले होते.

"आये," मी माझ्या फौजदाराच्या आवाजात विचारलं, "खरा कुठाय?"

"काय खरा?"

"आकडा सांगणारा."

"आसंल हितंच."

"आये!"

तिने पायानेच कपाटाखाली खूण केली. तिथे मिठाची बरणी होती. आम्ही पिशवीतलं बारीक मीठ रोजच्या जेवणात घालत नाही. उन्हाळ्यात मिठागरावरचं जाडं, करडं मीठ आणतो आणि बरण्या भरून ठेवतो. मी बरणीचं झाकण काढलं, त्याखालचं दादऱ्याचं फडकं सोडलं. ओलसर मिठात गळ्यापर्यंत रुतून, डोळे मिटून, तो पांढरा सेन्सर बसला होता.

"मीठ ओल खातं," आई म्हणाली, आता सरळ माझ्याकडे बघत. "कपाटात वाटीत ठेवतो का न्हाय आपन? मी म्हटलं, ह्याला मिठातच ठेवावं. ह्याला सुकं वाटंल, मंग हा पन सुकं सांगंल. पोरगा निवांत, मी निवांत. आज न्हाय तर उद्या उतरंल म्हनून वाट बघत व्हते."

तेव्हा मला तो पंच्याहत्तर कुठे भेटला होता, ते आठवलं. आमच्या कचेरीतच! कंटेनरमध्ये टाकायचे सेन्सर खरे बोलतात की नाही, ते तपासायला आम्ही हेच करतो. डबीत ओलं मीठ, वर सेन्सर, झाकण घट्ट. ओल्या मिठाजवळची कोंडलेली हवा पंच्याहत्तरावर येऊन थांबते. त्याच्या वर नाही, खाली नाही. जगातल्या कुठल्याही गावी, कुठल्याही मोसमात. आईने कमी आकडा मिळवण्यासाठी नेमकी अशी जागा शोधली होती, जिथे तो कधीही कमी होणार नव्हता. आणि तो खोटा पंच्याहत्तर खरा मानून बिचारा पाणक्या आठवडाभर दिवसरात्र हवा पिळत राहिला होता. खोली सुकून कापूस झाली आणि आईचा घसा लाकूड.

मी जमिनीवर बसले आणि हसले. इतकी हसले की शेजारीण कुंपणापर्यंत आली. आई आधी रागावली, मग तीही हसली, मग खोकली, मग परत हसली.

"आये, पंचशीलातलं चौथं शील कुठलं गं?" मी डोळे पुसत विचारलं. "रोज वंदनेत म्हणतेस ते."

"खोटं बोलू नये."

"मग?"

"मी कुठं बोलले?" आई म्हणाली. "मी नुसतं मिठात ठेवलं."

सेन्सर मी पुसून फळीवर ठेवला. पाणक्या बंद केला. सेन्सर हळूहळू शुद्धीवर आला. पंच्याहत्तर, एकाहत्तर, साठ, पन्नास, आणि शेवटी छत्तीसवर थांबला. कोकणात, आषाढात, छत्तीस! मी खिडकी उघडली. खाडीवरून मऊ, जड हवा आत आली आणि आमच्या दोघींच्या तोंडावरून तिने हात फिरवला. आईने डोळे मिटून ती घेतली. कित्येक दिवसांत मी तिला असा श्वास घेताना पाहिलं नव्हतं. पंचेचाळीस झाल्यावर मी खिडकी लावली.

भाऊ दुपारी पोचला. बूट न काढता थेट आईच्या खोलीत शिरला, फोन काढला, आकडा पाहिला, फोन झटकला, परत पाहिला.

"पन्नास? सकाळपर्यंत पंच्याहत्तर होता!"

मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे. नंतर ती उठली, बरणी घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवली. सगळं स्वतः सांगितलं, साबण कुठल्या सुरीने कापला इथपर्यंत. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा मोठा होत होता, लहान होत होता.

"म्हणजे तू मला फसवलंस?"

"फसवायला गेले, पन झालं कुठं?" आई म्हणाली. "तुझ्या यंत्रानं उलटीच चुगली केली."

"आई, हा काय खेळ आहे? मी तिकडे रोज तो आकडा बघून..." तो पलंगावर बसला. त्या पांढऱ्या साड्यांशेजारी. आठवडाभर पुण्यात बसून त्याने त्या पंच्याहत्तराकडे कसं पाहिलं असेल, हे तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. आईलाही दिसलं असावं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बाबू, तुला रोज माजा आकडा दिसतो. मला तुजा कुठं दिसतो?"

त्याने उशाचा ग्रंथ उचलून तिच्या हातात दिला. म्हणाला, "वाचून दाखव."

"आत्ता?"

"आत्ता. आवाज ऐकू दे. आकड्यावर माझा विश्वास उरला नाही."

आईने ग्रंथ उघडला आणि वाचायला लागली. सुरुवातीला आवाज खरखरीत होता, मग हळूहळू त्यातला धागा सापडला. एक पान, दोन पानं. तिसऱ्या पानावर एकदा ठसका लागला. ती पाणी प्यायली आणि पुढे गेली. भाऊ भिंतीला टेकून बसला होता. त्याच भिंतीला, नव्या रंगाच्या. बाहेर पाऊस होता आणि खोलीत त्या आवाजाची एक छोटी होडी चालली होती. आम्ही दोघं तिच्यात बसलो होतो, लहानपणी बसायचो तसे, एकमेकांना कोपरं न मारता.

संध्याकाळी तो विहार बघून आला. आला तो केसांतून पाणी निथळत आणि कपाळाला आठ्या घालत.

"घर कोरडं केलं, पण तिकडे काय? मागची भिंत छतापर्यंत हिरवी आहे. तीन महिने रोज तिथे बसणार ही?"

आईचा चेहरा पडला. एवढं सगळं करून शेवटी विहाराच्या भिंतीपाशी येऊन अडलं. भावाने गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवली. मी म्हटलं, आता पडदा पडतो.

तेवढ्यात कुंपणापाशी उभी असलेली ती किहीमच्या बंगल्यांवाली शेजारीण म्हणाली, "मंग वाचन हितं करा की. आमी हितं येतो. तशाबी रोज बसायला येतोच."

भिक्खूंनी पावसात जिथे थांबायचं, तिथे ग्रंथ वाचायचा. आई थांबणार होती इथे. तिने भावाकडे पाहिलं. भावाने किल्ली खिशात टाकली.

पौर्णिमेच्या संध्याकाळी बायका आल्या. छत्र्या दारात, चपला ओट्यावर, ओले पदर खांद्यावर. पुढची खोली कमी पडली म्हणून मधलं दार उघडलं आणि आईची खोलीही भरली. सगळ्यांनी मिळून वंदना म्हटली. चौथ्या शीलाला मी आईकडे बघितलं. तिने डोळे मिटूनच मला कोपराने ढोसलं. नंतर ती पांढऱ्या साडीत, मांडीवर ग्रंथ घेऊन बसली आणि वाचायला लागली.

मी मागे फोन घेऊन बसले होते. आकडा चढत होता. इतक्या जणींचे श्वास, इतक्या ओल्या साड्या. पंचावन्न, एकोणसाठ. भाऊ दारात उभा होता, त्याच्याही हातात फोन. साठ ओलांडलं आणि पाणक्या जागा झाला. त्याच्या घुरघुरीत आईचा शब्द बुडायला लागला. मागच्या बाया माना पुढे करून ऐकायला लागल्या. आईने आवाज चढवला, आणि मला तिचा घसा ताणलेला ऐकू आला.

मी भावाकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता. त्याने फोनवर बोट ठेवलं आणि यंत्र थांबवलं, आणि त्याच बोटाने माझी 'सावधान'सुद्धा गप्प केली.

एकदम शांत झालं. आईने आवाज खाली आणला, तिच्या नेहमीच्या जागी, आणि खोलीतल्या प्रत्येकीला वाटलं की हे आपल्यालाच सांगितलं जातंय. त्रेसष्ट, पासष्ट. भावाने फोन खिशात घातला आणि पाय पुसून, वाट काढत, बायकांच्या मधे येऊन बसला.